स्वयंपाकघरातील विद्युत तारजोडणी

स्वयंपाकघरातील विद्युत तारजोडणी म्हणजे घराच्या स्वयंपाकघरातील दिवे, धूर ओढून घेणारी चिमणी आणि इतर उपकरणे यांना सुरक्षित व पुरेसा वीजपुरवठा मिळावा, यासाठी तारा, नळ्या, स्विचबोर्ड, सॉकेट आणि संरक्षक साधने यांची केलेली आखणी व जोडणी होय. बोलीभाषेत तिला 'किचन वायरिंग' असे म्हणतात. पाणी, वाफ, तेलकट धूर, ज्योत आणि ज्वालाग्राही वायू या पाचही गोष्टी घरात केवळ याच खोलीत एकत्र येतात. त्यामुळे येथील तारजोडणीचा विचार इतर खोल्यांपेक्षा वेगळा करावा लागतो.

मराठीत 'चिमणी' हा शब्द पक्ष्यासाठी, रॉकेलच्या लहान दिव्यासाठी आणि धुराड्यासाठीही वापरला जातो. या लेखात तो शेगडीच्या वर बसवल्या जाणाऱ्या, पंख्याच्या साहाय्याने धूर व वाफ बाहेर टाकणाऱ्या विद्युत उपकरणासाठी वापरला आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत विजेचे दिवे प्रथम १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात लागले. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीची स्थापना झाली आणि शहरात घरगुती वीजपुरवठ्याचा पाया घातला गेला. राज्यस्थापनेनंतर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. २००५ मध्ये त्याचे विभाजन झाल्यावर वितरणाचे काम महावितरण या कंपनीकडे आले.

वीज घरोघरी पोहोचली तेव्हा स्वयंपाकघराच्या वाट्याला बहुधा एकच दिवा येत असे. चूल किंवा स्टोव्ह, पाटा-वरवंटा आणि माठ यांना विजेची गरज नव्हती. पुढे मिक्सर, फ्रीज, जलशुद्धीकरण यंत्र, मायक्रोवेव्ह, इंडक्शन शेगडी आणि चिमणी अशी उपकरणे एकामागून एक आली; परंतु अनेक घरांतील मूळ तारजोडणी मात्र एका दिव्याच्या आणि एका सॉकेटच्या हिशेबाचीच राहिली. स्वयंपाकघरात तापणारे सॉकेट, काळवंडलेले प्लग आणि एकातून दुसरे अशा काढलेल्या जोड-पट्ट्या हे या विसंगतीचे दृश्य परिणाम आहेत.

नियोजनाचा क्रम

आजची तारजोडणी बहुधा भिंतीच्या आत दडवलेली असते. भिंतीत खाचा कापून त्यांत पीव्हीसी नळ्या बसवतात, त्यांवर गिलावा होतो आणि ओट्यामागच्या भागावर फरश्या लागतात. फरश्या बसल्यानंतर एखादा पॉइंट हलवायचा झाल्यास त्या फोडाव्या लागतात आणि त्याच छटेच्या फरश्या पुन्हा मिळतीलच असे नसते. म्हणून विद्युत आराखडा हा ओट्याचा आराखडा ठरल्यानंतर, पण गिलाव्यापूर्वी तयार असणे आवश्यक ठरते.

सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो :

१. ओटा, सिंक, शेगडी, फ्रीज आणि गॅस सिलिंडर किंवा वायुवाहिनी यांच्या जागा निश्चित करणे.
२. वरची कपाटे व ट्रॉली यांची मापे सुताराकडून किंवा पुरवठादाराकडून घेणे.
३. चिमणीचा प्रकार, तिची रुंदी आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा मार्ग ठरवणे.
४. सर्व उपकरणांची यादी करून भार काढणे, तसेच पुढील काही वर्षांत येऊ शकणाऱ्या उपकरणांचा विचार करणे.
५. भिंतीवर खडूने प्रत्येक पॉइंटची जागा व उंची आखणे.
६. नळ्या व पेट्या बसवून झाल्यावर, गिलाव्यापूर्वी, मापपट्टी धरून छायाचित्रे घेणे.

शेवटची पायरी अनेकदा वगळली जाते. पुढे कपाटासाठी भिंतीत छिद्र पाडताना दडलेली नळी कोठून गेली आहे, हे सांगणारा तो एकमेव पुरावा ठरतो. नळ्या नेहमी उभ्या किंवा आडव्या रेषेत नेण्याचा संकेत याच कारणासाठी आहे. तिरप्या नेलेल्या नळीचा अंदाज नंतर कोणालाही बांधता येत नाही.

भाराचे गणित

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्‌झ वारंवारतेचा असतो. उपकरणाच्या वॅटसंख्येला २३० ने भागले असता प्रवाह साधारणपणे किती अँपिअर लागेल ते कळते. मध्यम आकाराच्या शहरी स्वयंपाकघराचे एक नमुना गणित असे मांडता येईल :

• छतावरील एलईडी ट्यूब : २० वॅट
• ओट्यावरील एलईडी पट्टी, २ मीटर : २० वॅट
• एक्झॉस्ट पंखा : ४० वॅट
• चिमणी, दिव्यांसह : २०० वॅट
• फ्रीज : २०० वॅट
• जलशुद्धीकरण यंत्र : ५० वॅट
• मिक्सर : ७५० वॅट
• मायक्रोवेव्ह : १,३०० वॅट
• इंडक्शन शेगडी : २,००० वॅट

ही बेरीज ४,५८० वॅट, म्हणजे सुमारे २० अँपिअर इतकी होते. प्रत्यक्षात सर्व उपकरणे एकाच वेळी क्वचित चालतात. परंतु सकाळच्या घाईत इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर एकत्र चालणे अगदी शक्य असते. या तिघांचाच भार ४,०५० वॅट, म्हणजे सुमारे १७.६ अँपिअर आहे. १६ अँपिअरच्या एकाच मंडलावर तो टाकता येत नाही. याउलट दिवे, एक्झॉस्ट पंखा आणि चिमणी मिळून २८० वॅट, म्हणजे जेमतेम १.२ अँपिअर होतात. चिमणी आकाराने मोठी व आवाजाने दणदणीत असली, तरी विजेच्या दृष्टीने ती हलके उपकरण आहे. ओट्यावर ठेवलेला लहानसा मिक्सर तिच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो.

वीजबिलावर नोंदवलेला मंजूर भार अशा बेरजेपेक्षा कमी असल्यास वितरण कंपनीकडे भारवाढीसाठी अर्ज करावा लागतो.

मंडलांची विभागणी

तारजोडणीच्या भारतीय मानकांतील प्रचलित नियमानुसार दिवे, पंखे व ६ अँपिअरचे सॉकेट यांच्या एका उपमंडलावर १० पेक्षा अधिक पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा अधिक भार नसावा. १६ अँपिअरच्या सॉकेटांच्या बाबतीत एका उपमंडलावर जास्तीत जास्त दोन सॉकेट घेता येतात. या मर्यादा सांभाळून वरील उदाहरणातील स्वयंपाकघराची विभागणी पुढीलप्रमाणे करता येते :

• पहिले मंडल : दिवे व एक्झॉस्ट पंखा
• दुसरे मंडल : चिमणी व जलशुद्धीकरण यंत्र
• तिसरे मंडल : फ्रीज
• चौथे मंडल : मायक्रोवेव्ह व मिक्सर
• पाचवे मंडल : इंडक्शन शेगडी

केवळ भार पाहिला तर चिमणी दिव्यांच्या मंडलावर सहज मावते आणि अनेक घरांत ती तशीच जोडलेली असते. तरीही ती वेगळी ठेवण्यामागे एक कारण आहे. तेल, वाफ आणि उष्णता यांचा मारा सतत सोसणारे हे उपकरण असल्याने त्यात दोष उद्भवण्याची शक्यता साध्या दिव्यापेक्षा अधिक असते. दोष उद्भवताच मंडलाचा स्विच खाली पडतो. त्याच मंडलावर दिवे असतील तर रात्रीच्या वेळी पेटत्या शेगडीसमोर, कढईत तापलेले तेल असताना, स्वयंपाक करणारी व्यक्ती अंधारात सापडते. स्वतंत्र मंडल शक्य नसेल तर स्वयंपाकघरातील निदान एक दिवा शेजारच्या खोलीच्या मंडलावर घेण्याचा पर्याय उरतो.

फ्रीजचे मंडल वेगळे ठेवल्यास घर काही दिवस बंद राहणार असताना बाकीची सर्व मंडले निश्चिंतपणे बंद करता येतात. भारनियमनाचा अनुभव असलेल्या भागांत एक दिवा इन्व्हर्टरवर घेण्याची पद्धत आहे. अशा वेळी इन्व्हर्टरच्या मंडलाची फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा स्वतंत्र न्याव्या लागतात. दोन मंडलांची न्यूट्रल एकत्र झाल्यास संरक्षक साधन विनाकारण पडत राहते, किंवा बंद समजलेल्या तारेत विद्युत दाब शिल्लक राहतो.

प्रकाशयोजना

स्वयंपाकघरातील प्रकाशाचे दोन भाग मानले जातात : संपूर्ण खोलीचा सर्वसाधारण प्रकाश आणि ओट्यावरचा कामाचा प्रकाश. सर्वसाधारण प्रकाशासाठी सुमारे २०० लक्स इतकी प्रदीपन पातळी पुरेशी समजली जाते. चिरणे, निवडणे आणि शिजवणे यांसाठी ओट्यावर त्याहून अधिक प्रकाश लागतो.

जुन्या पद्धतीत छताच्या मध्यभागी किंवा ओट्यासमोरच्या भिंतीवर एकच दिवा असे. ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या व्यक्तीच्या पाठीमागून प्रकाश आला की तिचीच सावली विळीवर आणि पातेल्यावर पडते. अधिक वॅटचा दिवा लावल्याने ही अडचण दूर होत नाही; सावली केवळ अधिक गडद होते. दिव्याची जागा बदलणे हाच त्यावरचा उपाय होय. छतावरील दिवे ओट्याच्या पुढच्या कडेच्या रेषेत घेतल्यास प्रकाश हातांवर समोरून-वरून येतो. वरची कपाटे असल्यास त्यांच्या तळाशी, पुढच्या कडेजवळ, एलईडी पट्टी बसवतात. पट्टी भिंतीला चिकटून बसवल्यास चकचकीत ग्रॅनाइटमध्ये तिचे प्रतिबिंब डोळ्यांत खुपते.

एलईडी पट्ट्या बहुधा १२ किंवा २४ व्होल्ट एकदिश दाबावर चालतात. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर हा लहान परिवर्तक हवेशीर व हात पोहोचेल अशा जागी ठेवणे आवश्यक असते. शेगडीच्या थेट वर किंवा बंद खोबणीत ठेवलेला ड्रायव्हर उष्णतेने लवकर निकामी होतो. पट्टीच्या एकूण वॅटपेक्षा ड्रायव्हरची क्षमता काहीशी अधिक निवडतात.

प्रकाशाच्या रंगासाठी ३,००० ते ४,००० केल्विन हा पट्टा स्वयंपाकघरास सोयीचा ठरतो. रंगदर्शकता निर्देशांक ८० किंवा अधिक असलेल्या दिव्यांत भाजीचा ताजेपणा, डाळीतील खडा आणि फोडणीचा बदलता रंग अधिक नेमका दिसतो.

चिमणीची जोडणी

गॅसच्या शेगडीपासून चिमणीच्या तळापर्यंतचे अंतर साधारणपणे ६५ ते ७५ सेंटिमीटर ठेवतात. नेमके माप उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. ओट्याची उंची ८५ सेंटिमीटर धरल्यास चिमणीचा तळ जमिनीपासून सुमारे दीड मीटर किंवा त्याहून थोडा अधिक उंचीवर येतो. तिचे मुख्य अंग त्याच्या वर असल्याने चिमणीचे सॉकेट जमिनीपासून सुमारे २.१ मीटर उंचीवर घेण्याची पद्धत रूढ आहे.

सॉकेटची जागा ठरवताना पुढील गोष्टी पाहतात :

• सॉकेट चिमणीच्या मध्यरेषेवर नसावे; तेथून धुराची नळी जाते. ते एका बाजूला घेतले जाते.
• सॉकेट चिमणीच्या अंगामागे झाकले जाऊ नये. अन्यथा प्लग काढण्यासाठी संपूर्ण चिमणी उतरवावी लागते.
• सॉकेट वर असले, तरी त्याचा स्विच हात पोहोचेल अशा उंचीवरील बोर्डात, शेगडीपासून बाजूला घ्यावा. जाळ्या धुण्यापूर्वी किंवा चिमणीतून जळका वास आल्यास पुरवठा तोडायचा असतो. त्या वेळी पेटत्या ज्योतीवरून हात न्यावा लागू नये.
• प्लग ६ अँपिअरचा आहे की १६ अँपिअरचा, हे खरेदीपूर्वी पाहावे. दोन्ही प्रकारचे प्लग प्रचारात आहेत.

चिमणीचे अंग धातूचे असते आणि स्वयंपाक करणाऱ्याचा ओला हात तिला वारंवार लागतो. त्यामुळे तिसऱ्या पिनेची भूसंपर्क तार प्रत्यक्षात जोडलेली असणे अनिवार्य आहे. तीन पिनांचा प्लग कापून दोन तारा थेट सॉकेटात खोचणे किंवा तिसरी पिन मोडणे या सवयी प्राणघातक ठरू शकतात.

धुराच्या नळीसाठी भिंतीत साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचे छिद्र लागते. विद्युत नळी त्या मार्गापासून दूर ठेवतात. भिंतीतील छिद्र पाडण्यासाठी येणारा कारागीर आणि वायरमन बहुधा वेगवेगळ्या दिवशी येतात. त्यामुळे छिद्राचे केंद्र आधीच भिंतीवर आखून ठेवणे हिताचे असते.

तारा आणि नळ्या

घरगुती जोडणीत तांब्याच्या तारा वापरतात. दिव्यांसाठी १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटांसाठी २.५ आणि सतत जड भार ओढणाऱ्या उपकरणांसाठी ४ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारा ही सर्वसाधारण निवड आहे. पीव्हीसी निरोधक असलेल्या तारांसाठी आयएस ६९४ हे भारतीय मानक असून तारेवर आयएसआय चिन्ह असणे आवश्यक आहे.

भारतीय संकेतानुसार फेजची तार लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि भूसंपर्काची हिरवी किंवा हिरवी-पिवळी असते. स्विच नेहमी फेजच्या तारेवर असावा. तो न्यूट्रलवर बसवल्यास दिवा विझतो, पण होल्डरात विद्युत दाब कायम राहतो. नळीच्या आत तारेला जोड देणे निषिद्ध मानले जाते. जोड केवळ उघडता येणाऱ्या पेटीतच देतात. नळीत तारा गच्च भरल्यास उष्णता कोंडते आणि नंतर तार बदलणेही अशक्य होते.

संरक्षक साधने

पूर्वीच्या 'किटकॅट' फ्यूजची जागा आता एमसीबी या आपोआप पडणाऱ्या स्विचने घेतली आहे. एमसीबीचे मुख्य काम उपकरणाचे नव्हे, तर तारेचे रक्षण करणे हे असते. म्हणून तिची क्षमता तारेच्या जाडीवरून ठरते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर ६ किंवा १० अँपिअरची आणि २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर १६ अँपिअरची एमसीबी बसवतात. एमसीबी वारंवार पडते म्हणून तिच्या जागी अधिक क्षमतेची बसवली, तर तक्रार थांबते आणि तार भिंतीच्या आत तापू लागते.

एमसीबी माणसाला बसणारा धक्का रोखत नाही. शरीरातून जाणारा प्राणघातक प्रवाह तिच्या दृष्टीने नगण्य असतो. त्यासाठी आरसीसीबी हे वेगळे साधन लागते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत तफावत आढळताच ते पुरवठा तोडते. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअर संवेदनक्षमतेची आरसीसीबी वापरतात. संपूर्ण घराला एकच आरसीसीबी असल्यास एका दोषामुळे सारे घर अंधारात जाते. म्हणून शक्य तेथे दिव्यांसाठी व सॉकेटांसाठी स्वतंत्र आरसीसीबी ठेवतात. तिच्यावरील चाचणीचे बटण ठरावीक काळाने दाबून ती कार्यरत असल्याची खात्री करून घेतात.

पाणी आणि वायू यांच्यापासूनचे अंतर

सॉकेट व स्विच सिंक आणि नळापासून शक्य तितके दूर, उडणारे पाणी पोहोचणार नाही असे ठेवतात. शेगडीच्या थेट मागे किंवा वर सॉकेट घेत नाहीत.

घरगुती सिलिंडरमधील एलपीजी हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो खाली साचतो आणि ओट्याखालील कप्प्यात कोंडून राहतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्यात सॉकेट, स्विच किंवा जोड-पेटी ठेवू नये. वायूचा वास आल्यावर दिवा, एक्झॉस्ट पंखा किंवा चिमणी यांपैकी काहीही चालू अथवा बंद करू नये. स्विचमध्ये उडणारी बारीकशी ठिणगीही स्फोटास पुरेशी ठरते. वास घालवण्यासाठी चिमणी सुरू करणे ही स्वाभाविक पण घातक चूक आहे. अशा वेळी रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडणे, घराबाहेर पडणे आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवणे अपेक्षित असते. वायुवाहिनीच्या धातूच्या नळीचा भूसंपर्कासाठी वापर कधीही करत नाहीत.

जुन्या घरांतील प्रश्न

जुने वाडे, चाळी आणि सुरुवातीच्या काळातील गृहनिर्माण संस्थांच्या इमारती यांत लाकडी पट्टीवरील किंवा केसिंगमधील तारजोडणी अद्याप आढळते. तिच्यात अनेकदा भूसंपर्काची तारच नसते. काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या तारा असून त्यांचे जोड काळानुसार सैल होतात व तापतात. अशा जोडणीतून तार ओढून चिमणी किंवा इंडक्शन शेगडी चालवणे धोक्याचे असते. पूर्ण घराची तारजोडणी बदलणे खर्चामुळे शक्य नसल्यास मुख्य बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत भूसंपर्कासह नवी तार भिंतीवरील पीव्हीसी पट्टीतून नेणे हा मध्यम मार्ग आहे. ती दिसायला दडवलेल्या जोडणीइतकी नीटस नसली, तरी सुरक्षिततेत उणी नसते.

चाचणी व कायदेशीर तरतुदी

काम पूर्ण झाल्यावर, उपकरणे जोडण्यापूर्वी, निरोध, भूसंपर्काची अखंडता, ध्रुवता आणि आरसीसीबीचे कार्य यांची चाचणी घेतात. निरोधाची चाचणी मेगर या उपकरणाने ५०० व्होल्ट दाबावर करतात. वाचन किमान १ मेगओहम असावे लागते. दिवा लागला म्हणजे जोडणी योग्य झाली, असे नसते. भूसंपर्क तुटलेला असतानाही दिवा तितकाच उजळ लागतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार नवी तारजोडणी, तिच्यात वाढ किंवा बदल ही कामे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करून घ्यावी लागतात. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणे अशी, जोडणीची क्षमता व स्वरूप न बदलणारी किरकोळ कामे यातून वगळलेली आहेत. घराचा मालक आराखडा, उपकरणांची यादी आणि पॉइंटच्या जागा स्वतः ठरवू शकतो. जोडणीचे काम मात्र परवानाधारकाकडेच सोपवावे लागते. काम संपल्यावर त्याच्याकडून चाचणी अहवाल आणि मंडलांचा नकाशा घेऊन तो मुख्य बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवल्यास पुढे येणाऱ्या प्रत्येक वायरमनला त्याचा उपयोग होतो.